उघड दिसणाऱ्या फसव्या मेलला लोक अजून का भुलतात, आणि आपण काय करावं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात दुपारी चारला काय चाललेलं असतं? परदेशी खरेदीदाराची ऑर्डर पक्की व्हायची असते, सुताच्या व्यापाऱ्याचं बिल यायचं असतं, जीएसटीचा परतावा अडकलेला असतो. त्यात एक मेल येतो: 'सुधारित परचेस ऑर्डर सोबत जोडली आहे, आजच कन्फर्म करा.' अकाउंट्स बघणारा मुलगा फाईल उघडतो. संध्याकाळी सगळे मिळून त्याला विचारतात, "एवढं उघड होतं की ओ, तुला कळलं नाही?"

उघड होतं, पण ज्याला त्या ऑर्डरची चिंता नव्हती त्याला. तुम्ही काहीच मागवलेलं नसताना 'तुमचं पार्सल अडकलंय' असा मेल आला तर तुम्ही हसून डिलीट करता. खरंच पार्सल यायचं असेल त्या दिवशी मात्र बोट आपोआप लिंकवर जातं. ठगाला तुमच्याविषयी काही ठाऊक असावं लागत नाही. लाखभर मेल एकदम सोडले की कुणाचं ना कुणाचं पार्सल वाटेत असतंच. गड्ड्याच्या यात्रेत गर्दीत खिसा कापला गेला तर आपण त्या माणसाची अक्कल काढत नाही. मेलच्या बाबतीत मात्र काढतो.

मग 'अमुक राजघराण्याची कोट्यवधींची इस्टेट तुमच्या नावावर करायची आहे' असले बाळबोध मेल कशाला येतात? नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातल्या फसवणुकीच्या कलमावरून या प्रकाराला '४१९' म्हणतात. मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली याचं उत्तर मांडलं. मेल पाठवायला खर्च जवळजवळ शून्य, पण उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी आठवडेच्या आठवडे बोलत बसायला वेळ लागतो. म्हणून पहिलाच मेल असा हास्यास्पद ठेवायचा, की शहाणे स्वतःहून गळावेत आणि शेवटी पैसे भरतील असेच मागे उरावेत. म्हणजे तो मेल पाहून आपण हसलो, यात आपली हुशारी फारशी नाही. तो आपल्यासाठी नव्हताच. आपल्यासाठीचा मेल साधा, कामाचा आणि कंटाळवाणा असतो.

१. आपण कशाची वाट पाहतोय, ते आधी लिहून काढा

पाच मिनिटांचं काम आहे. आयकराचा परतावा, मुलाचा निकाल, कुरिअर, कर्जाची मंजुरी, आईबाबांचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला. या यादीतल्या विषयावर मेल आला की त्यातल्या लिंकवर जायचं नाही, मेल खरा वाटला तरी नाही. ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाईप करायचा किंवा नेहमीचं ॲप उघडायचं. काम खरं असेल तर ते तिथंही दिसेल.

२. नाव वाचू नका, पत्ता वाचा

मेलमध्ये वर दिसणारं नाव कुणीही काहीही ठेवू शकतो. फोनवर त्या नावाखालच्या बारीक बाणावर टिचकी मारा, पूर्ण पत्ता दिसेल. '@' या चिन्हानंतरचा भाग उजवीकडून वाचत या. 'तुमचीबँक डॉट कॉम डॉट केवायसी-अपडेट डॉट एक्सवायझेड' असं असेल तर मालक 'केवायसी-अपडेट डॉट एक्सवायझेड' आहे. डावीकडचं बँकेचं नाव नुसती सजावट. लिंकचंही तसंच, फक्त तिथं पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचाच भाग धरायचा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं. बँकेच्या नावाने आलेल्या लिंकचा शेवट वेगळाच असेल तर तिथं पासवर्ड टाकू नका, शाखेत विचारा.

३. फाईलचं खरं एक्स्टेन्शन दिसू द्या

४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस सुटला. सोबतच्या फाईलचं नाव दिसायचं 'लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी', पण शेवटी 'डॉट व्हीबीएस' हे एक्स्टेन्शन, म्हणजे फाईलचा प्रकार सांगणारी शेवटची अक्षरं, होतं आणि विंडोज ते लपवत असे. लोकांना वाटलं साधी चिठ्ठी आहे. तो प्रोग्रॅम होता. उघडला की तो तुमच्या ॲड्रेस बुकातल्या सगळ्यांना तुमच्याच नावाने जायचा. काही दिवसांत जगभरातले लाखो संगणक बाधित झाले. नवल असं, की विंडोज आजही सुरुवातीला एक्स्टेन्शन लपवूनच ठेवतं.

विंडोज ११ मध्ये फाईल एक्सप्लोरर उघडा, 'व्ह्यू', मग 'शो', आणि तिथं 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा. आता 'पीओ डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' असली फाईल लपणार नाही. ईएक्सई, जेएस, व्हीबीएस, एससीआर, आयएसओ मेलमधून आली तर उघडू नका. झिप फाईल आणि तिचा पासवर्ड एकाच मेलमध्ये आला तर जास्तच सावध राहा: कुलूपबंद झिपच्या आत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही, म्हणूनच ही युक्ती करतात. वर्ड किंवा एक्सेल फाईल 'एनेबल कंटेंट' दाबा म्हणाली, तर दाबू नका.

फोनवर हेच एपीकेच्या, म्हणजे ॲप इन्स्टॉल करणाऱ्या फाईलच्या, रूपात येतं, कधी लग्नपत्रिकेच्या नावाने. लग्नपत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ, ती इन्स्टॉल करावी लागत नाही.

४. 'आमचं खातं बदललं आहे'

सोलापूरच्या व्यापाऱ्याला मोठा फटका इथं बसू शकतो, आणि यात व्हायरस असलाच पाहिजे असंही नाही. ठग कुणाच्या तरी मेलबॉक्समध्ये शिरतो आणि गप्प बसून वाचत राहतो. सूत कुणाकडून येतं, बिल किती, पैसे कधी द्यायचे, सगळं त्याला कळतं. पैसे द्यायची वेळ आली की त्याच मेलच्या साखळीत उत्तर येतं: 'ऑडिट चालू आहे, या वेळी रक्कम नवीन खात्यात टाका.' खाली तीच सही, तोच लोगो. पत्त्यात फरक एवढाच, की इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी बसवलेले. नजरेला कळत नाही. कधी तर पत्ता अगदी खराच असतो, कारण मेलबॉक्सच ताब्यात असतो.

म्हणून ऑफिसात एकच नियम ठेवा. खातं बदलल्याचा मेल आला की मेलमधल्या नंबरवर नव्हे, आपल्या डायरीतल्या जुन्या नंबरवर फोन करायचा आणि ओळखीच्या आवाजाकडून पक्कं करून घ्यायचं. शेठजी बाहेरगावी असले तरी थांबायचं. एनईएफटी-आरटीजीएस करताना खातं कुणाच्या नावावर आहे ते आधी दाखवण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं. ती वापरा. नाव जुळलं नाही तर पैसे सोडू नका.

५. घाबरवलं तर फोन ठेवा

व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे कॉलवरच अटक, म्हणाला तर कायद्यात तसलं काही नाही. पैसे पाठवतो म्हणून कुणी यूपीआय पिन टाकायला सांगितलं तरी टाकू नका, पैसे घ्यायला पिन लागत नाही. बस्स.

६. क्लिक झालंच, तर

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, मग बँकेला. उशीर झाला तर पैसे पुढच्या खात्यांत फिरतात आणि गोठवणं अवघड होतं. तक्रार 'सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन'वरही नोंदवता येते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ओटीपी-पासवर्ड आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. तेव्हा आधी घरात चर्चा आणि मग फोन, असं करू नका.

इथंच मालक मंडळींना एक सांगणं आहे. 'अक्कल कुठं गेली होती' हे ऐकावं लागेल या भीतीने तो अकाउंट्सवाला मुलगा चार ते सात गप्प बसतो, आणि तेवढ्यात खातं रिकामं होतं. लगेच सांगणाऱ्याला कुणी बोलणार नाही, हे ऑफिसात आधीच जाहीर करा.

संशयास्पद फाईल उघडली असेल तर संगणकाची नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, आणि दुसऱ्या यंत्रावरून मेलचा पासवर्ड बदला. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. मग जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर्स' बघा. ठग तिथं स्वतःचा पत्ता घालून ठेवतो, म्हणजे तुमचे मेल त्याच्याकडे जात राहतात, आणि नुसता पासवर्ड बदलून ते थांबत नाही.

तो मेल डिलीट करू नका. प्रिंटआउटमध्ये मेल कुठून कसा आला ते दिसत नाही. जीमेलमध्ये त्या मेलच्या तीन टिंबांवर 'शो ओरिजिनल' आहे, तिथून मूळ मेल उतरवून घ्या आणि व्यवहाराचा क्रमांक, बँकेचं स्टेटमेंट यांच्यासह पोलिसांकडे घेऊन जा.