चांगली डॉक्टर हातची जाऊ नये म्हणून

लालबागला माझा दवाखाना आहे. सकाळी 10 ते 1, संध्याकाळी 6 ते साडेनऊ. माझ्याकडे बसणारी एक हुशार डॉक्टर बाळंतपणानंतर म्हणाली, "मॅडम, संध्याकाळचं नाही जमणार." मी "बघ बाई तुझं" म्हटलं आणि ती गेली. आज ती विम्याचे क्लेम तपासते. फार चुकलं माझं.

दुसरीच्या वेळी मी आधी विचारलं, तुला कोणती वेळ नको? उत्तर तेच. साडेनऊला शटर पडल्यावर परळहून लोकल पकडून डोंबिवलीला पोचेपर्यंत बाळ झोपलेलं असतं. म्हणून तिला सकाळच्या चार पाळ्या दिल्या. संध्याकाळपैकी दोन, स्वतःचा दवाखाना बंद केलेले एक ज्येष्ठ डॉक्टर आनंदाने सांभाळतात. इंग्लंडात तर फॅमिली डॉक्टर टिकवायला सरकारी योजनाच आहे: आठवड्याला 1 ते 4 सत्रं, पाच वर्षांपर्यंत, आणि दवाखान्यालाही त्यासाठी पैसे मिळतात. आपल्याकडे हे आपणच करायचं.

पैसे पाळीमागे ठरवा, पेशंटमागे नको. नाहीतर डायबेटिसच्या पेशंटला पंधरा मिनिटं समजावणारीचं नुकसान होतं.

खरी गोम वहीत आहे. माणसं बदलली की पेशंटला परकं वाटतं. म्हणून टेबलावर एक लांब वही ठेवा, प्रत्येकाने उठण्याआधी लिहायचंच. परवाची नोंद बघा: "चाळीतल्या आजी, बीपी 160/90, अ‍ॅम्लोडिपिन 5 सुरू केली. गुरुवारी येतील, घोटे सुजलेत का बघा." (बीपीच्या या गोळीने कधी कधी घोटे सुजतात.) गुरुवारी ज्येष्ठ डॉक्टरांनी आजींना आधी चप्पल काढायला सांगितली. "मॅडमनी सांगितलं वाटतं!" म्हणत आजी निवांत बसल्या.

पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टोने रांग रस्त्यावर येते. जास्तीच्या पाळ्या मेमध्येच ठरवा, ऐनवेळी फोन करून गळ घालू नका. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, त्याला 30 क्रेडिट पॉइंट लागतात. ते पॉइंट सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या शिक्षणवर्गांना, बसून मिळतात. सुट्टीवर असलेलीलाही रविवारच्या सीएमईला बोलवा, फी तुम्ही भरा. नोंदणी चालू असली की परतायची वाट मोकळी राहते.

आणि बाहेरच्या पाटीवर तिचं नाव तुमच्याएवढ्याच अक्षरांत रंगवून घ्या, खाली तिचे वार आणि वेळ.