न मळता सावरडो पाव: नाशिकच्या हवेत या चुका टाळा

पीठ न मळता पाव करण्याची पद्धत २००६ मध्ये न्यूयॉर्कचे बेकर जिम लेही यांच्या कृतीमुळे घरोघरी पोहोचली. त्या कृतीत यीस्ट अगदी थोडे होते आणि पीठ सुमारे २१ अंश सेल्सिअसला १२ ते १८ तास ठेवायचे होते. सावरडोच्या, म्हणजे विकतच्या यीस्टऐवजी पीठ-पाण्याच्या आंबवणावर फुगवलेल्या पावाच्या, अनेक कृतींनी हेच रात्रभराचे वेळापत्रक उचलले, आणि नाशिकच्या उन्हाळ्यात पाव बिघडतो तो बहुधा त्यामुळेच.

एप्रिल-मे महिन्यांत बंद स्वयंपाकघर रात्रीही तिशीच्या आसपास असते. अशा उबेत पीठ चार-पाच तासांतच तयार होते आणि सकाळपर्यंत त्यातील आम्ल व विकरे ग्लुटेनची, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाची, जाळी तोडून टाकतात. पीठ हाताला चिकटून ओघळू लागले, भाजलेला पाव बसका, फिकट आणि फार आंबट निघाला, तर ते जास्त आंबले असे समजावे. अशा वेळी ४०० ग्रॅम पिठाला नेहमीच्या ८० ग्रॅमऐवजी ४० ग्रॅम स्टार्टर (तेच आंबवण) आणि थंड पाणी घ्यावे, आणि पीठ दीडपट होताच आकार देऊन ते फ्रिजमध्ये ठेवावे. मात्र मळण्याचे काम येथे वेळच करत असतो. वेळ कमी झाला की ग्लुटेन कच्चे राहते. म्हणून सुरुवातीच्या दोन तासांत दर अर्ध्या तासाने ओल्या हाताने पिठाच्या कडा ओढून मध्यावर दुमडाव्यात. एवढ्या श्रमाला मळणे म्हणायचे कारण नाही.

डिसेंबर-जानेवारीत नेमके उलट घडते. कापलेल्या पावात वर दोन-तीन मोठी भोके आणि खाली घट्ट, चिकट थर दिसला, तर पीठ कमी आंबलेले असते. कोमट पाणी वापरून पीठ बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवले तरी फरक पडतो. घड्याळापेक्षा सरळ कडांच्या पारदर्शक डब्यावर पिठाच्या सुरुवातीच्या पातळीला लावलेली खूण अधिक विश्वासाची.

स्टार्टर खाऊ घातल्यावर, म्हणजे त्यात ताजे पीठ-पाणी मिसळल्यावर, दुप्पट होत नसेल, तर बाकीचे सारे उपाय व्यर्थ आहेत.

चक्कीवरून दळून आणलेली कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी शोषते आणि तिच्यातील कोंडा ग्लुटेनच्या आड येतो. त्यामुळे केवळ कणकेचा पाव मैद्याच्या पावासारखा फुगेल अशी अपेक्षा ठेवू नये. सुरुवातीला एक चतुर्थांश कणीक पुरे. मीठ पिठाच्या दोन टक्के, म्हणजे ४०० ग्रॅमला ८ ग्रॅम, वजन करूनच घालावे.

लहान ओटीजीत वाफ टिकत नाही आणि कवच लवकर कडक होऊन पाव फुगायचा थांबतो. त्यात मावणारे, झाकणासह २३० अंश सोसणारे बिडाचे भांडे अर्धा तास तापवून त्यात पीठ सोडावे, वीस मिनिटे झाकून आणि पुढे तितकाच वेळ उघडे भाजावे. वरचा भाग कॉइलजवळ येऊन करपत असेल, तर भांडे खालच्या जाळीवर ठेवावे. भाजलेला पाव निदान तासभर कापू नये, कारण आतला ओलावा स्थिरावण्याआधी सुरी घातली तर नीट भाजलेला पावही कच्चा वाटतो.