मालकाच्या बाजूने कामगार कायदा : नव्याने येणाऱ्यांसाठी

एचआर असो वा कामगार कायद्याची वकिली, मालकाच्या बाजूने काम करायला नवीन येणारे बहुतेक जण कलमं पाठ करून येतात. प्रत्यक्षात विचारलं जातं ते असं : ‘अमुक माणसाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगायचंय, चालेल ना?’ आणि हे हमखास ऑफिस सुटायच्या वेळी.

अशा वेळी हो-नाही काहीच न बोलता मी आधी फाइल मागवतो. एका विभागप्रमुखांनी ज्याला ‘अत्यंत बेजबाबदार’ म्हटलं, त्याच्या फाइलीत त्यांच्याच सहीचं ताजं मूल्यमापन निघालं : ‘कामगिरी उत्तम, वेतनवाढीची शिफारस.’ विचारलं तर म्हणाले, ‘अहो, सगळ्यांनाच तसं लिहितो. उगाच कुणाचं वाईट कशाला करा?’ हा भिडस्तपणा मालकाला फार महागात पडतो. प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेलं, की साहेबांचा राग कुणी विचारात घेत नाही, त्यांची सही मात्र घेतात.

देशागणिक कायदे वेगळे असले तरी सांगाडा बराचसा सारखा आहे, आणि तो समजून घ्यायला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे करार वाचावेत. बडतर्फीबद्दलचा १९८२ चा करार क्रमांक १५८ सगळ्या देशांनी स्वीकारलेला नाही, तरी विचार कसा करायचा हे त्यातून नीट कळतं. काढायचं तर कारण हवं, आणि ते माणसाच्या कुवतीशी, वर्तनाशी किंवा व्यवसायाच्या गरजेशी निगडित हवं. वर्तनावरून किंवा कामावरून काढत असाल तर आरोपांना उत्तर द्यायची संधी आधी द्यायची. गरोदरपण, कामगार संघटनेचं सभासदत्व, मालकाविरुद्ध केलेली तक्रार ही कारणं चालत नाहीत. तक्रारीनंतर लगेच एखाद्याची ‘कामगिरी घसरली’ असं कुणी सांगू लागलं, तर दोन्ही तारखा शेजारी मांडून पाहा.

नवख्याने सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो मेमो लिहायला शिकण्यात. ‘आपले वर्तन असमाधानकारक आहे, सुधारणा करावी’ या वाक्यातून काहीही सिद्ध होत नाही. त्याऐवजी लिहा : ‘दिनांक ३, ९ व १७ रोजी आपण अनुक्रमे ४०, ५५ व ३५ मिनिटे उशिरा आलात. याबाबत सात दिवसांत लेखी खुलासा करावा.’ घडलेलंच लिहायचं, विशेषणं टाळायची. आणखी एक खोड नेहमी दिसते : ‘आपण गैरवर्तन केले आहे, खुलासा करा.’ निकाल आधीच दिलात, मग खुलासा कशाला मागता? ‘केल्याचा आरोप आहे’ एवढा बदल केला की चौकशीला अर्थ राहतो. तक्रार करणारा आणि चौकशी करणारा एकच माणूस नको, हे ओघानंच आलं. मेमो घ्यायला नकार मिळाला तर तसं त्यावरच लिहून हजर असलेल्या साक्षीदारांच्या सह्या घ्या, आणि मग पोस्टानेही पाठवा.

‘तो आमचा कर्मचारी नाहीच, कंत्राटावर आहे’ हेही वारंवार ऐकाल. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचीच २००६ ची शिफारस क्रमांक १९८ याबाबत स्पष्ट आहे : कागदावर काय लिहिलंय यापेक्षा काम प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहायचं. वेळ कोण ठरवतं, हत्यारं कुणाची, सूचना कुणाच्या, पैसे ठरावीक मुदतीने मिळतात का, त्याच्या कमाईचा हाच एकमेव मार्ग आहे का? मालकाला ही उत्तरं विचारा. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला त्यांचा आवाज खाली येतो.

छळाच्या तक्रारीत पळवाट ठरलेली असते : ‘ते ऑफिसात घडलंच नाही.’ २०१९ चा करार क्रमांक १९० कामासाठीचा प्रवास, प्रशिक्षण, कामासंबंधी संदेश, मालकाने दिलेलं राहण्याचं ठिकाण हे सगळं कामाच्या जगात धरतो. प्रशिक्षणार्थी आणि नोकरीसाठी अर्ज केलेली व्यक्तीही त्यात येते. रात्री मोबाइलवर आलेला मेसेजही म्हणूनच तुमच्या टेबलावर येतो, आणि यायलाच हवा.

सुरक्षिततेचं थोडक्यात : १९८१ च्या करार क्रमांक १५५ नुसार सुरक्षेच्या उपायांचा खर्च कामगारावर टाकता येत नाही. पगारपत्रकात हेल्मेट किंवा बुटांची कपात दिसली तर तिथेच थांबा. तासांचा नियम त्याहून जुना. दिवसाला आठ, आठवड्याला ४८ तास ही मर्यादा १९१९ च्या पहिल्याच करारातली, मूळची औद्योगिक कामांसाठी. हजेरीपट आणि पगारपत्रक शेजारी ठेवून एक दुपार काढा. कंपनीचं धोरण-पुस्तक वाचून जे कळणार नाही ते त्यात कळेल. संध्याकाळी सगळ्यांचीच जाण्याची वेळ अगदी एकसारखी दिसली, तर तो हजेरीपट एका हाताने, एका बैठकीत भरलेला असण्याची शक्यता दाट.

बडतर्फीच्या फाइलीवर सही करण्याआधी माझा शेवटचा प्रश्न एकच असतो : हेच दुसऱ्या कुणी केलं तेव्हा तुम्ही काय केलं होतं? दुसऱ्याला नुसती समज देऊन सोडलं असेल, तर फरक का केला याचं कारण मी लेखी मागतो. ते मिळालं नाही तर ‘बडतर्फी टिकणार नाही’ असा अभिप्राय तारीख टाकून देतो. साहेब त्या दिवशी चहा विचारत नाहीत, पण पुढच्या वेळी फाइल आधी पाठवतात.