छोट्या अँड्रॉइड कन्सोलवर गेम नेमका कुठे अडतो, हे कसे ओळखावे

रेट्रॉइड पॉकेट किंवा अ‍ॅनबर्निक यांसारखे हातात मावणारे अँड्रॉइड कन्सोल घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘यावर अमुक गेम चालेल का?’ या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर दिले तर ते बहुधा दिशाभूल करते. गेम इन्स्टॉल होणे, त्याने कन्सोलची बटणे ओळखणे आणि तो पूर्ण वेगाने तासभर चालत राहणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी अडण्याचे कारण वेगळे असते. म्हणून सेटिंगला हात लावण्यापूर्वी गेम कोणत्या टप्प्यावर अडला आहे, हे आधी ठरवावे.

प्ले स्टोअरमध्ये गेम दिसतच नसेल, तर दोष ताकदीचा असेलच असे नाही. गेमने आवश्यक म्हणून नोंदवलेली एखादी सोय यंत्रात नसेल, तर स्टोअर तो गेम त्या यंत्रावर दाखवत नाही. टीव्हीला जोडायच्या एन्व्हिडिया शील्ड टीव्ही या अँड्रॉइड यंत्राला टचस्क्रीन नसल्यामुळे त्यावर अनेक गेम याच कारणाने मिळत नाहीत. दुसरे कारण ३२ आणि ६४ बिटचे, म्हणजे प्रोसेसर एका वेळी किती मोठी माहिती हाताळतो याचे आहे. २०१३ मध्ये आलेल्या ऊया कन्सोलचा टेग्रा ३ हा प्रोसेसर ३२ बिटचा होता, त्यामुळे केवळ ६४ बिटसाठी तयार झालेले आजचे गेम त्यावर बसूच शकत नाहीत. उलट बाजूने, अँड्रॉइड १४ ही प्रणाली अँड्रॉइड ६ च्या आधीच्या आवृत्त्यांसाठी बांधलेली अ‍ॅप नव्याने इन्स्टॉल करू देत नाही. जुने, आता स्टोअरवर नसलेले गेम हा तुमचा मुख्य आनंद असेल, तर जुनी प्रणाली असलेले यंत्र अधिक सोयीचे ठरते. आपल्याच फोनवरून गेमची एपीके (अँड्रॉइड अ‍ॅप इन्स्टॉल करण्याची) फाइल कन्सोलवर नेली आणि तो उघडताच बंद पडू लागला, तर त्या गेमचे पॅकेज अनेक तुकड्यांत विभागलेले असण्याची शक्यता मोठी असते. मूळ तुकडा आला, पण कन्सोलच्या प्रोसेसरसाठीचा तुकडा मागे राहिला, असे अशा वेळी झालेले असते.

बटणांचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. गेमला कंट्रोलरचा आधार मुळातच असेल तर काहीच करावे लागत नाही. तो नसेल, तर यंत्रातील की-मॅपिंगची सोय वापरून स्क्रीनवरील प्रत्येक जागेला एकेक बटण नेमून द्यावे. मात्र ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये असे मॅपिंग नियमभंग ठरून खाते बंद होऊ शकते, म्हणून त्या गेमचे नियम आधी वाचावेत.

खरी मेहनत वेगाच्या टप्प्यावर असते, आणि ती सोनीच्या पीएसपी या जुन्या कन्सोलचे गेम चालवणाऱ्या पीपीएसएसपीपी या एम्युलेटरवर, म्हणजे दुसऱ्या यंत्राची नक्कल करणाऱ्या अ‍ॅपवर, उत्तम शिकता येते. गेमची प्रत आपल्या मालकीच्या डिस्कवरूनच काढलेली असावी. प्रथम वेग आणि एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रे) दाखवणारा आकडा सुरू करावा. येथे पुष्कळ जण फसतात: एफपीएस ३० दिसला की गेम मंद चालला आहे असे त्यांना वाटते, पण पीएसपीचे अनेक गेम मुळातच ३० फ्रेमचे होते. पाहायचा आकडा वेगाच्या टक्क्यांचा. तो १०० वर स्थिर असेल तर गेम मूळ यंत्राइतक्याच वेगाने चालला आहे, मग एफपीएस काहीही असो. या तपासणीच्या वेळी फ्रेम स्किपिंग (काही फ्रेम गाळणे) बंद ठेवावे, कारण ते अडचण सोडवत नाही, लपवते.

टक्के घसरत असतील तर रेंडरिंग रिझोल्यूशन (चित्र किती पिक्सेलचे काढायचे ते) एकदम १ पटीवर, म्हणजे मूळच्या ४८० गुणिले २७२ वर आणावे आणि गेममधील तीच जागा पुन्हा खेळावी. वेग सावरला, तर ओझे ग्राफिक्स चिपवर होते. मग २ पट, ३ पट असे एकेक पायरी वाढवत जावे. ४ पटीला मूळच्या १६ पट पिक्सेल रंगवावे लागतात, हे लक्षात ठेवावे. रिझोल्यूशन उतरवूनही वेग तसाच राहिला आणि आवाज तुटत राहिला, तर प्रोसेसर कमी पडतो आहे असे बहुधा समजावे, आणि तेथे चित्राचा दर्जा कितीही उतरवला तरी फारसा उपयोग होत नाही. त्यानंतर व्हल्कन आणि ओपनजीएल हे चित्र काढण्याच्या पद्धतीचे दोन्ही पर्याय आलटून पालटून पाहावेत. एका वेळी एकच सेटिंग बदलावी, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

खरेदीच्या वेळी आठ कोअरच्या (प्रोसेसरमध्ये स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांच्या) जाहिरातीवर विसंबू नये. रेट्रॉइड पॉकेट ३ प्लसमधील टी६१८ या चिपचे आठांपैकी दोनच कोअर मोठे आहेत, आणि एम्युलेटरचे जड काम सहसा एकदोन कोअरवरच येऊन पडते. रेट्रॉइड पॉकेट ५ मधील स्नॅपड्रॅगन ८६५ चे कोअर तर जलद आहेतच, शिवाय त्याच्या अ‍ॅड्रिनो ग्राफिक्ससाठी टर्निप हा मुक्त ड्रायव्हर (ग्राफिक्स चिपला काम करायला लावणारे सॉफ्टवेअर) उपलब्ध आहे. निन्टेंडोच्या गेमक्यूब या जुन्या कन्सोलसाठीच्या डॉल्फिन एम्युलेटरमध्ये तो निवडता येतो आणि चित्रातील काही बिघाड त्याने दूर होतात. टी६१८ च्या माली ग्राफिक्सला ही सोय नाही. माझ्या मते गेमक्यूब किंवा प्लेस्टेशन २ चे गेम खेळायचे असतील तर स्वस्त यंत्र घेऊन सेटिंगशी झगडत बसण्यापेक्षा थोडे थांबून वरचे यंत्र घ्यावे. पीएसपी आणि त्याआधीच्या गेमसाठी मात्र टी६१८ वर समाधानाने खेळता येते.

पहिल्या पाच मिनिटांवरून निर्णय करू नये. यंत्र तापले की चिप स्वतःचा वेग उतरवते, म्हणून गेममधील गर्दीची जागा निवडून निदान अर्धा तास खेळावे. विदर्भातील मे महिन्यात, खोलीच जेथे तापलेली असते, तेथे हा फरक लवकर जाणवतो. पंखा असल्यास तो चालू ठेवावा, आणि चार्जिंग लावून खेळताना बॅटरी वगळून वीज घेण्याचा पर्याय असेल तर तो वापरावा.

सर्व काही जुळल्यावर चालू असलेली सेटिंग लिहून ठेवावी. एम्युलेटर अद्ययावत करण्यापूर्वी गेमच्या आतून सेव्ह करून त्या फोल्डरची प्रत दुसरीकडे काढावी, कारण एम्युलेटरच्या सेव्ह स्टेट (एम्युलेटरने त्या क्षणाची साठवलेली स्थिती) नव्या आवृत्तीत उघडतीलच याची खात्री नसते, तर गेमने स्वतः केलेले सेव्ह सहसा टिकतात.