धाब्याच्या घरात लाकडी शेगडी बसवताना

धुळे-नंदुरबारकडे थंडीत पारा अनेकदा १० अंशांच्या खाली उतरतो. अशा वेळी धुराड्याची बंद लोखंडी शेगडी बसवायची असेल, तर ती लाकडी खांब, पलंग आणि साठवलेला कापूस यांपासून किमान ३ फूट दूर, विटांच्या किंवा फरशीच्या ओट्यावर ठेवावी. दार उघडताच निखारा पुढे उडतो, म्हणून ओटा त्या बाजूने दीड फूट वाढवावा.

खरी काळजी धुराड्याची घ्यावी लागते. धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, थराखाली लाकडी तुळया आणि फळ्या असतात, आणि तापलेल्या नळाजवळ वर्षानुवर्षे वाळत गेलेले लाकूड कमी उष्णतेतही पेट घेऊ शकते; म्हणून छतातून जाणारा भाग दुहेरी भिंतीचा, मध्ये उष्णतारोधक भरलेला घ्यावा आणि त्याच्याभोवती २ इंच मोकळी जागा सोडावी. नळ जोडताना वरच्याचे टोक खालच्याच्या आत बसवावे, म्हणजे धुरातून साचून ओघळणारा काळा चीक बाहेर न गळता शेगडीतच उतरतो. धुराडे छताच्या वर किमान ३ फूट न्यावे आणि त्याला टोपी लावावी.

पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) भुर्रकन जळतात, त्या पेटवण्यापुरत्याच वापराव्यात. उबेसाठी पूर्ण उन्हाळा वाळलेली बाभूळ उत्तम. ओल्या लाकडाने धुराड्यात काजळी साचून आग लागते, तेव्हा दर हिवाळ्यापूर्वी ते साफ करावेच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून खिडकीची फट रात्रीही बुजवू नये.