तांब्याचा जुना छतदिवा घेण्यापूर्वीची तयारी

तांब्याचा जुना छतदिवा घ्यायचे ठरले की बाजार गाठण्याआधी ज्या खोलीत तो टांगायचा त्या खोलीचे छत नीट पाहून घ्यावे. स्लॅबमध्ये पंख्यासाठी सोडलेला लोखंडी हूक चार ते सहा किलोचा फिरता पंखा वर्षानुवर्षे पेलतो, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या दिव्याची चिंता सहसा नसते. मात्र हूक गंजलेला असेल किंवा भोवतीचा गिलावा पोकळ वाजत असेल, तर आधी तेवढे काम करून घ्यावे. पीओपीच्या किंवा जिप्समच्या खोट्या छताला वजनदार दिवा कधीही लावू नये. त्याची साखळी खोट्या छतातून आरपार नेऊन वरच्या स्लॅबलाच अडकवावी. जुन्या वाड्यात कडीपाट असेल तर भार तुळईवर किंवा कडीवर यावा, मधल्या पाटांवर येऊ नये. ज्या हुकाविषयी शंका वाटते, त्याला दिव्याच्या वजनाच्या चौपट भार, म्हणजे पाच किलोच्या दिव्यासाठी वीस किलोची वाळूची पोती, तासभर टांगून पाहावा.

यानंतर मापे कागदावर लिहून घ्यावीत. जिथून माणसांची ये-जा असते तिथे दिव्याच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत किमान सात फूट अंतर उरले पाहिजे, म्हणजे साडेनऊ फूट उंचीच्या फ्लॅटमध्ये साखळीसकट अडीच फुटांपेक्षा लांब दिवा बसत नाही. जेवणाच्या टेबलावर मात्र तो टेबलाच्या पृष्ठभागापासून तीस ते छत्तीस इंचांवर आणता येतो आणि तांब्याची अपारदर्शक शेड तिथेच सर्वांत शोभते. व्यासासाठी एक ढोबळ ठोकताळा वापरतात: खोलीच्या लांबी-रुंदीची फुटांतली बेरीज करावी आणि तितके इंच व्यास धरावा. दहा बाय बाराच्या खोलीत या हिशेबाने बावीस इंच येतात. आपल्याकडच्या सामानाने भरलेल्या खोल्यांत मला ते जरा जास्तच वाटतात. परदेशी पुस्तकांतल्या ठोकताळ्यांत पंखा धरलेला नसतो, पण आपल्याला तो धरावाच लागतो. बल्ब पात्यांच्या पातळीच्या वर राहिला तर पाती प्रकाश कापत राहतात आणि साऱ्या खोलीत सावल्या फडफडतात, म्हणून पात्यांचा घेर, पंख्याच्या दांडीची लांबी आणि दिव्याच्या जागेपासूनचे अंतर, या तिन्ही मापांची नोंद बरोबर असावी.

बाजारात जाताना मोजपट्टी, लहान चुंबक, विजेरी आणि सामान तोलण्याचा हातकाटा एवढे बरोबर ठेवावे. मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट ही अशा वस्तूंची ओळखीची जागा आहे. तिथली दुकाने शुक्रवारी बंद असतात आणि त्या दिवशी पहाटे रस्त्यावर वेगळाच बाजार भरतो. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. जहाजावरचे दिवे हवे असतील तर ते मुंबईच्या दारूखान्यातून किंवा गुजरातमधल्या अलंगहून, म्हणजे जहाजे तोडली जातात तिथून, निघालेले असतात. परंतु जहाजी दिव्यांच्या नव्या नकलाही मुरादाबादसारख्या ठिकाणी होतात, तेव्हा जाड काच आणि ठोकलेली नावाची पट्टी पाहून लगेच भुलू नये.

धातूची परीक्षा आधी करावी, वयाची नंतर. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे आणि वरचे तांबे केवळ मुलामा आहे, हे लगेच ठरते. चिकटला नाही म्हणून मात्र तांबे सिद्ध होत नाही, कारण पितळ, जस्ताचे ओतकाम आणि ॲल्युमिनियम यांनाही तो चिकटत नाही. यावर वजन हा चांगला साक्षीदार आहे. चाळीस सेंटिमीटर व्यासाची आणि एक मिलिमीटर जाडीची अर्धगोल शेड तांब्याची असेल तर सुमारे सव्वादोन किलो भरते, ॲल्युमिनियमची असेल तर जेमतेम पाऊण किलो. त्याउपर दुकानदाराच्या परवानगीने शेडच्या आतल्या कडेला, जिथे कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, बारीक ओरखडा काढावा. खाली लालसर रंग दिसला तर तांबे, पिवळा दिसला तर पितळ आणि करडा-पांढरा दिसला तर मुलामा. बहुतेक जुन्या दिव्यांत शेड तांब्याची आणि साखळी, कड्या, होल्डरचे आवरण पितळेचे असते. त्यात काही खोट नाही, फक्त किंमत ठरवताना ते ध्यानात असावे.

वयाविषयी जे सांगितले जाईल ते ऐकून घ्यावे आणि मग दिव्यालाच विचारावे. एडिसनचा बल्ब 1879 सालचा, मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले ते 1882 साली, तेव्हा दीडशे वर्षांपूर्वी हा दिवा आपल्याकडच्या एखाद्या बंगल्यात विजेवर जळत होता, असे कुणी म्हणाले तर ते मनावर घेऊ नये. फार तर तो रॉकेलचा किंवा गॅसचा दिवा असेल आणि वीज त्यात मागाहून आली असेल. मुंबईत रस्त्यांवर गॅसचे दिवे 1865 साली लागले होते. बेकेलाइटचा, म्हणजे सुरुवातीच्या काळ्या-तपकिरी प्लास्टिकचा, होल्डर 1907 नंतरचाच असणार आणि फुलीच्या खाचेचा स्क्रू 1930 च्या दशकाच्या आधीचा असू शकत नाही. अर्थात एखादा स्क्रू नंतर बदललेला असू शकतो, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये. ज्या जागी हात लागतो, साखळी घासते, बल्ब बदलताना शेड धरली जाते, तिथे झीज अधिक आणि कोपऱ्यांत मळ अधिक, हा खऱ्या वापराचा नियम आहे; सगळीकडे सारखाच काळवंडलेला दिवा रसायनात बुडवून म्हातारा केलेला असतो. पृष्ठभागावर हातोडीच्या ठोक्यांची नक्षी दिसली तर ती आतून पाहावी. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत ज्याला मठारकाम म्हणतात, त्यातला प्रत्येक ठोका हाताने पडलेला असल्याने शेजारच्या ठोक्याशी तंतोतंत जुळत नाही. साच्यातून दाबून काढलेली नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा तीच येते.

इथे कायद्याचाही विचार करावा लागतो. 1972 च्या पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू पुरावस्तूंत मोडतात, त्यांच्या विक्रीच्या व्यवसायाला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या मुलीच्या घरासाठी दिवा घेणाऱ्यांनी म्हणूनच शंभर वर्षांच्या आतला दिवा निवडावा आणि तो पुरावस्तू नाही असा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला काढून ठेवावा. बिलावर धातू, अंदाजे काळ आणि बदललेले भाग लिहून मागावेत. ‘अँटिक पीस’ एवढ्याच शब्दांचे बिल स्वीकारू नये.

रंगाच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: जुना तपकिरी थर काढू नये. तो तांब्याचे रक्षण करतो, आणि बफ मारून लखलखीत केलेला जुना दिवा शेजारी ठेवलेल्या नव्या दिव्यापासून वेगळा ओळखू येत नाही. चिंच किंवा लिंबू-मीठ पूजेच्या भांड्यांसाठी ठीक आहे. दिव्याच्या सांध्यांत ते अडकून राहते आणि आतून धातू खात राहते. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसावी आणि अगदीच वाटले तर मेणाचा पातळ हात द्यावा. मात्र फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर गोष्ट वेगळी. ती क्षारांमुळे होणारी झीज असते, कोकणात, गोव्यात आणि मुंबईच्या किनारी भागात खाऱ्या दमट हवेने ती वाढत जाते, म्हणून असा दिवा समुद्राजवळच्या घरासाठी घेऊच नये. सांध्यांवरच्या जुन्या डाखात शिसे असते आणि जुन्या रंगातही असू शकते, त्यामुळे दिवा हाताळल्यावर हात धुवावेत.

धातूचे जुनेपण जपावे, पण विजेचे जुनेपण ठेवू नये. कापडी वेष्टणाची किंवा रबरी वायर वरून धड दिसली तरी वाकवताच तिचा भुगा होतो. ती पूर्ण काढून आयएस 694 ची, म्हणजे विजेच्या वायरींसाठीच्या भारतीय मानकाची, खूण असलेली नवी वायर ओवावी आणि होल्डरही नवा बसवावा. वायर जिथून शेडमध्ये शिरते त्या भोकाची कड धारदार असते, तिथे रबरी किंवा प्लास्टिकची बुशी घालायला वायरमनला आवर्जून सांगावे. संपूर्ण दिवा धातूचा असल्याने अर्थिंगची हिरवी वायर त्याच्या अंगाला स्क्रूने घट्ट जोडलेली असलीच पाहिजे. छतापर्यंत अर्थिंगची वायर आलेली नसेल, आणि जुन्या इमारतींत ती पुष्कळदा नसते, तर आधी ती ओढून घ्यावी. आट्याचा होल्डर असेल तर फेज मधल्या टोकाला आणि न्यूट्रल आट्यांना जोडावा. अमेरिकेतून आणलेल्या दिव्यातला 120 व्होल्टचा बल्ब आपल्या 230 व्होल्टवर क्षणात जाईल. जहाजी दिव्यांतही मूळ बल्ब 24 किंवा 110 व्होल्टचा असू शकतो, तेव्हा जुने बल्ब शोभेलाच ठेवावेत. काम झाल्यावर 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरच्या वेष्टणातून वीज गळते का हे तपासणाऱ्या उपकरणाने, मोजणी करून घ्यावी आणि वेष्टणाचा रोध एक मेगाओमपेक्षा कमी आला तर दिवा टांगू देऊ नये.

बल्ब 2700 केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, घ्यावा; पांढऱ्या प्रकाशात तांबे मळकट दिसते. नऊ वॉटचा एलईडी पूर्वीच्या साठ वॉटच्या पिवळ्या बल्बइतका उजेड देतो, पण काचेच्या बंद कोंडाळ्यातल्या जहाजी दिव्यात तो तापून लवकर जातो, तिथे कमी वॉटचा लावावा. टांगल्यावर पहिल्या संध्याकाळी दिवा तीन-चार तास सलग चालू ठेवून, मग मेन स्विच बंद करून, होल्डरचे आवरण आणि वरची वाटी हाताने चाचपावी. बोट टेकवून ठेवता आले नाही तर बल्ब आणखी लहान करावा.