एका बांगड्याने स्टँडर्ड डेव्हिएशन कसं बिघडतं

समजा प्रोजेक्टसाठी पणजी मार्केटात जाऊन दहा दिवस बांगड्याचा किलोचा दर लिहून आणलात (आकडे माझ्या मनचे आहेत, हिशोब सोपा पडावा म्हणून, उगाच मासेवालीशी हुज्जत घालू नका): १८०, २००, १९०, २१०, २२०, २००, १९०, २१०, २००, २००. सरासरी २००. आता स्टँडर्ड डेव्हिएशन (एसडी), म्हणजे आकडे सरासरीभोवती साधारण किती पसरलेत त्याचं माप. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब ते काढा, त्याचा वर्ग करा, सगळ्यांची बेरीज १२००, तिला ९ ने भागा (सँपल आहे म्हणून दहातून एक कमी), वर्गमूळ घ्या, झालं, ११.५५. स्प्रेडशीटमध्ये एसटीडेव्ह डॉट एस (STDEV.S) हे फंक्शन टाकलं की हेच येतं.

आता शेवटच्या २०० च्या जागी ५०० टाका. सरासरी २३०, आणि एसडी थेट ९५.५७! बाकीचे नऊ दर जागचे हललेले नाहीत हां. गडबड वर्गात आहे, ५०० चं अंतर २७० आणि त्याचा वर्ग ७२९००, तर एकूण बेरीज ८२२००, म्हणजे जवळपास ८९ टक्के वाटा एकट्याचा. मीडियन (आकडे क्रमाने लावल्यावर बरोबर मधला) मात्र २०० च राहतो, त्याला काही फरक पडत नाही.

पण एसडी मोठं दिसलं की लगेच आउटलायर (बाकीच्यांपासून फार लांब पडलेला आकडा) आहे म्हणून ओरडायचं नाही. पाच दिवस १५० आणि पाच दिवस २५० असा दर असेल तर सरासरी २०० च, एसडी ५२.७, आणि आउटलायर एकही नाही, डेटाच दोन गटांत पसरलाय. कदाचित होलसेल आणि रिटेल एकत्र मिसळलेत. नुसत्या एसडीवरून यातलं काय झालंय ते कळत नाही, म्हणून आधी डॉट प्लॉट काढा (रेषेवर प्रत्येक आकड्याला एक ठिपका), दहा आकड्यांना कागदपेन पण पुरतं.

मग आउटलायर पकडायचा कसा? बरेचजण 'सरासरीपासून तीन एसडीच्या बाहेर' हा नियम लावतात. दहा आकड्यांवर तो चालतच नाही. आपल्या ५०० चा झेड स्कोअर (सरासरीपासून किती एसडी लांब) २७० भागिले ९५.५७ म्हणजे २.८३, सुटला! बरं चुकून शून्य जास्त पडून २००० झालं तरी २.८५ च, कारण आकडा जितका लांब जातो तितकं एसडीही त्याच्यामागे फुगतं. दहा आकड्यांत हा स्कोअर २.८५ च्या पुढे जाऊच शकत नाही, गणितच तसं आहे.

त्यापेक्षा क्वार्टाइल वापरा, म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांचे चार सारखे भाग पाडणारे आकडे. आकडे चढत्या क्रमाने लावा, खालच्या पाचांचा मधला १९०, वरच्या पाचांचा मधला २१०, फरक २०. त्याची दीडपट ३०, म्हणजे १६० च्या खाली किंवा २४० च्या वर गेला तो संशयित. शीटच्या क्वार्टाइल फंक्शनमध्ये उत्तर थोडं वेगळं येईल, घाबरू नका, पद्धत वेगळी असते, ५०० तरीही सापडतोच.

सापडला म्हणून डिलीट मारू नका, हे मात्र मी ठासून सांगेन. आधी विचारा कुठून आला. टायपिंगची चूक असेल तर वहीतून बघून दुरुस्त करा. कोणी वाट्याचा (ढिगाचा) दर किलोच्या कॉलममध्ये लिहिला असेल तर वजन विचारून किलोवर आणा, वजन मिळत नसेल तर ती नोंद बाजूला काढा आणि तसं लिहा. आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते तेव्हाचा दर असेल तर तो खराच आहे, काढायचा कशाला? बंदीचे दर आणि बाकीचे दर वेगळे करून दोन्हींचं एसडी वेगवेगळं द्या. आपल्यासारखा एकच आकडा असेल तर मीडियन २०० आणि क्वार्टाइलमधला फरक २० लिहा, खाली एका ओळीत ५०० चा दिवस आणि कारण द्या, आणि एसडी दोन्ही प्रकारे दाखवा, त्याच्यासह ९५.५७ आणि त्याच्याशिवाय १२.२५.